आकड्यांची शहानिशा

भारतातील शेअर बाजारांत नोंद असलेल्या बहुतेक कंपन्यांना दर तीन महिन्यांनी आपले उत्पन्न, खर्च आणि नफा जाहीर करावा लागतो. भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ म्हणजेच ‘सेबी’ या नियामक संस्थेच्या २०१५ च्या नियमांनुसार तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत, आणि पूर्ण आर्थिक वर्षाचे लेखापरीक्षित निकाल ६० दिवसांच्या आत, शेअर बाजाराकडे सादर करणे बंधनकारक असते. वृत्तपत्रांत त्यांतील एक-दोनच आकडे छापून येतात, नफ्यात अमुक टक्के वाढ किंवा घट एवढे वाचून वाचक पुढच्या बातमीकडे वळतो. परंतु त्याच निकालपत्रातील शेकडो आकडे तोपर्यंत बँकांच्या कर्जविभागांत, म्युच्युअल फंडांच्या कार्यालयांत, विमा कंपन्यांत आणि पतमानांकन संस्थांत पोहोचलेले असतात, आणि ते तेथे निर्धास्तपणे वापरता यावेत म्हणून कोणीतरी ते तपासून, एकमेकांशी ताडून, मागील वर्षांच्या आकड्यांशेजारी मांडलेले असतात. हे काम करणाऱ्या व्यक्तीला वित्तीय डेटा विश्लेषक म्हणतात. पुण्यातील हिंजवडी, खराडी, मगरपट्टा किंवा मुंबई परिसरातील गोरेगाव, ऐरोली, लोअर परळ येथील कार्यालयांत हजारो मराठी तरुण-तरुणी या कामात आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी ते नेमके काय करतात हे नीटसे समजावून सांगता आलेले नसते.

या कामाविषयीचा पहिला गैरसमज असा, की हा माणूस शेअरच्या भावाचे भाकीत करतो. कोणता शेअर घ्यावा आणि कोणता विकावा याचा सल्ला जनतेला देणाऱ्यांना सेबीच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे ‘रिसर्च ॲनालिस्ट’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते, आणि तो व्यवसाय वेगळा आहे. डेटा विश्लेषकाचे काम त्याच्या आधीच्या टप्प्यावरचे असते. ज्या आकड्यांवर सल्ला, कर्ज किंवा मानांकन उभे राहणार, ते आकडे गोळा करणे, शुद्ध करणे, तुलनायोग्य करणे आणि मग त्यांतून गुणोत्तरे, कल व अंदाज काढणे, असा त्याचा क्रम असतो. देशात अशा कामाची परंपरा खूप जुनी नसली तरी अगदी कालचीही नाही. सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी ही आकडेवारी संकलित करणारी संस्था १९७६ पासून मुंबईत कार्यरत आहे, आणि १९८७ मध्ये स्थापन झालेली ‘क्रिसिल’ ही देशातील पहिली पतमानांकन संस्था, म्हणजे कर्ज घेणाऱ्याची परतफेडीची क्षमता तपासून तिला दर्जा देणारी संस्था, हीदेखील मुंबईचीच.

या कामाचा गाभा एका साध्या गोष्टीत आहे. कोणताही वित्तीय आकडा एकटा, संदर्भाविना अर्थपूर्ण नसतो. तो कोणाचा आहे, कोणत्या काळाचा आहे, कोणत्या एककात आहे, कोणत्या व्याख्येने काढला आहे आणि तो कोणत्या दिवशी जाहीर झाला, ही माहिती त्याच्यासोबत असेल तरच त्याचा उपयोग होतो, आणि ही माहिती आकड्यापासून सुटू न देणे हेच विश्लेषकाचे खरे कर्तव्य आहे. एककाचेच उदाहरण घेतले तर भारतीय कंपन्यांपैकी काही आपले निकाल लाखांत देतात, काही कोटींत, तर परदेशी गुंतवणूकदार असलेल्या काही कंपन्या दशलक्षांत. निकालपत्राच्या वरच्या कोपऱ्यातील बारीक अक्षरातली ओळ नजरेतून सुटली, तर दशलक्षांतील आकडा कोटींत धरला जातो आणि कंपनी एका क्षणात दहापट मोठी होते. त्याच निकालपत्रात आकड्यांचे दोन संच असतात. एकल निकालांत केवळ त्या कंपनीचा हिशेब असतो, तर एकत्रित निकालांत तिच्या उपकंपन्यांचाही समावेश असतो. एखाद्या मोठ्या उद्योगसमूहाच्या बाबतीत या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, त्यामुळे एका वर्षाचा एकल आणि दुसऱ्या वर्षाचा एकत्रित नफा शेजारी ठेवून काढलेली वाढ निरर्थक ठरते. काळाचेही तसेच आहे. नेस्ले इंडियाचे वर्ष पूर्वी जानेवारी ते डिसेंबर असे होते. ते एप्रिल ते मार्च करताना कंपनीने मार्च २०२४ मध्ये संपलेले एक वर्ष १५ महिन्यांचे धरले, आणि एसीसी या सिमेंट कंपनीनेही त्याच्या आदल्या वर्षी असेच केले होते. संगणकाला १५ आणि १२ महिन्यांतील फरक कोणी सांगितला नाही, तर विक्रीत मोठी उडी दिसते आणि पुढच्या वर्षी तितकीच मोठी घसरण, जरी प्रत्यक्षात चॉकलेटची किंवा सिमेंटची विक्री नेहमीच्याच गतीने चाललेली असली तरी.

व्याख्या बदलण्याचा प्रकार यापेक्षा अधिक सूक्ष्म आणि अधिक शिकवणारा आहे. भारतीय लेखा मानकांपैकी भाडेपट्ट्यासंबंधीचे ११६ क्रमांकाचे मानक १ एप्रिल २०१९ पासून लागू झाले. त्यापूर्वी दुकानासाठी किंवा कार्यालयासाठी दिलेले भाडे हा सरळ चालू खर्च मानला जाई. नव्या मानकाने दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा म्हणजे जागा वापरण्याचा एक हक्क आणि त्यापोटी देणे लागणारे एक कर्ज असे मानले, त्यामुळे भाड्याची रक्कम खर्चाच्या यादीतून निघून घसारा आणि व्याज या दोन सदरांत विभागली गेली. आता विश्लेषक ज्या मापाचा सर्वाधिक वापर करतात ते ‘एबिट्डा’, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीचा नफा, याचे काय होते ते पाहावे. शंभर कोटींची विक्री, भाडे सोडून ८० कोटींचा खर्च आणि १२ कोटींचे भाडे अशी एखादी दुकानसाखळी कल्पिली, आणि तिची सर्व भाडी या मानकाखाली येतात असे धरले, तर जुन्या पद्धतीने तिचा एबिट्डा ८ कोटी येतो आणि नव्या पद्धतीने २० कोटी. एकही गिऱ्हाईक वाढलेले नाही, एक रुपयाही जास्त गल्ल्यात आलेला नाही. उलट ताळेबंदात पूर्वी न दिसणारे कर्ज आता दिसू लागलेले आहे. शिवाय हे मानक स्वीकारताना मागील वर्षाचे आकडे नव्या पद्धतीने पुन्हा न मांडण्याची सवलत कंपन्यांना होती, म्हणून २०१८-१९ आणि २०१९-२० हे दोन स्तंभ कंपनीच्या स्वतःच्या अहवालात शेजारी छापलेले असूनही अनेकदा तुलनायोग्य नसतात. चांगला विश्लेषक अशा ठिकाणी थांबतो, टिपांमध्ये जाऊन भाड्याची रक्कम शोधतो, दोन्ही वर्षे एका व्याख्येखाली आणतो आणि आपण काय केले याची नोंद तक्त्याखाली ठेवतो. या नोंदीला कोणी दाद देत नाही. पण कर्ज देणाऱ्या बँकेचा निर्णय पुष्कळदा तिच्यावरच बरोबर किंवा चूक ठरतो.

बाजारभावांच्या आकडेवारीतही असे खड्डे आहेत. कंपनीने एकास एक बोनस शेअर दिला, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट दिला, की शेअरचा भाव साधारण निम्मा होतो, कारण तीच कंपनी आता दुप्पट शेअरांत वाटली गेलेली असते. इन्फोसिसने २०१८ मध्ये असा बोनस दिला होता. जुने भाव त्या प्रमाणात दुरुस्त केले नाहीत, तर आलेखात एका दिवसात अर्धी किंमत बुडाल्याचे चित्र दिसते. याहून फसवी चूक म्हणजे टिकून राहिलेल्यांचाच हिशेब करणे. १९८६ मध्ये ‘सेन्सेक्स’ हा ३० कंपन्यांचा निर्देशांक सुरू झाला, तेव्हा त्यात बॉम्बे डाइंग आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स यांसारखी नावे होती. आजच्या यादीतील कंपन्या घेऊन त्यांचा मागील तीस-चाळीस वर्षांचा परतावा काढणारा माणूस वाटेत मागे पडलेल्या कंपन्या नकळत वगळतो, आणि त्याला गुंतवणूक होती त्यापेक्षा सोपी व फायद्याची वाटू लागते.

आकडा जाहीर होण्याच्या दिवसाचे महत्त्व राष्ट्रीय उत्पन्नाच्या उदाहरणाने लवकर कळते. टाळेबंदीच्या काळातील, म्हणजे एप्रिल ते जून २०२० या तिमाहीतील देशांतर्गत उत्पादन आदल्या वर्षाच्या तुलनेत २३.९ टक्क्यांनी घटल्याचे प्रथम जाहीर झाले. वर्षभरानंतरच्या पत्रकात हीच घट २४.४ टक्के अशी दुरुस्त झाली. दोन्ही आकडे आपापल्या दिवशी अधिकृत होते. २०२० च्या सप्टेंबरमध्ये घेतलेल्या निर्णयाची परीक्षा नंतर दुरुस्त झालेल्या आकड्याने करणे अन्यायाचे असते, म्हणून जाणकार संस्था जुना आकडा पुसत नाहीत. दोन्ही आकडे तारखेसह जपतात. त्याच २०२१ च्या पत्रकात एप्रिल ते जून २०२१ या तिमाहीची वाढ २०.१ टक्के सांगितली होती. शंभरावर २४.४ ची घट म्हणजे ७५.६, आणि त्यावर २०.१ टक्क्यांची वाढ म्हणजे ९१ च्याही किंचित खाली. अर्थात विक्रमी वाढीनंतरही अर्थव्यवस्था दोन वर्षांपूर्वीच्या पातळीला पोहोचलेली नव्हती. याला पायाचा परिणाम म्हणतात, आणि टक्केवारीच्या मथळ्यामागे मूळ रक्कम पाहण्याची सवय विश्लेषकाला त्यामुळेच लागते.

ही सवय आपल्याकडे संगणकासोबत आली असे मानण्याचे कारण नाही. एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणित शिकवलेल्या दादाभाई नौरोजींनी १८७६ मध्ये मुंबईत वाचलेल्या निबंधात भारताचे दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये असल्याचे दाखवले, तेव्हा त्यांचे सारे आकडे सरकारी अहवालांतूनच घेतलेले होते. परंतु ते वापरण्यापूर्वी त्यांनी अहवालांतील सरासरी काढण्याची पद्धत तपासली. काही ठिकाणी प्रत्येक जिल्ह्याचे एकरी उत्पन्न घेऊन, त्यांची बेरीज करून, जिल्ह्यांच्या संख्येने भागलेले होते. एका जिल्ह्यात एक लाख एकरांवर एकरी ४ मण आणि दुसऱ्यात दहा हजार एकरांवर एकरी १० मण पिकत असेल, तर या पद्धतीने सरासरी ७ मण येते. लागवडीचे क्षेत्र लक्षात घेतले तर ती साडेचार मणांच्या आसपास राहते. आजही बँकेच्या शाखांच्या थकीत कर्जाचे प्रमाण काढताना नवशिक्या विश्लेषकाकडून नेमकी हीच चूक होते. दादाभाईंच्या पुढच्या पिढीत न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांना आकडेवारीचे बळ पुरवणारे गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेत मुख्याध्यापक होते. १८९७ मध्ये भारताच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे दिलेल्या गोखल्यांच्या साक्षीच्या तयारीत त्यांचा मोठा वाटा होता. २६ मार्च १९०२ च्या आपल्या पहिल्या अर्थसंकल्पीय भाषणात गोखल्यांनी दाखवून दिले, की सरकारी तिजोरीतील शिल्लक ही जनतेच्या भरभराटीची खूण नाही, रुपयाचा विनिमय दर वाढूनही कर पूर्वीच्याच चढ्या पातळीवर ठेवल्याने ती साचलेली आहे. शिलकीचा आकडा खरा होता. त्याचा लावलेला अर्थ खोटा होता. आजच्या विश्लेषकाच्या पूर्वजांची यादी करायची झाली तर जोशींचे नाव तीत पहिल्या काहींत यावे, आणि मराठी वाचकांना ते इतके अपरिचित असावे हे खेदाचे आहे.

साधनांबाबत बोलायचे तर या क्षेत्राचा आधार अजूनही एक्सेल हाच आहे. रकाने आणि ओळी यांच्या या संगणकीय वहीत दहा लाखांहून थोड्या अधिक ओळी मावतात. त्यापलीकडची आकडेवारी कोठारात ठेवून ‘एसक्यूएल’ या प्रश्नभाषेने काढावी लागते, आणि पुढील प्रक्रिया पायथॉन या संगणकभाषेत होते. पायथॉनमधील ‘पांडाज’ हा सर्वत्र वापरला जाणारा संच वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये एका अमेरिकी गुंतवणूक संस्थेत काम करताना लिहायला घेतला होता, म्हणजे तो याच व्यवसायाच्या गरजेतून जन्मला. मात्र साधन कितीही चांगले असले तरी सूत्रातील चूक ते दाखवत नाही. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या निबंधाने असे मांडले होते, की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेले की आर्थिक वाढ खुंटते. त्याचा आधार अनेक देशांतील काटकसरीच्या समर्थकांनी घेतला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या अमेरिकी विद्यार्थ्याने मूळ तक्ता मागवून तपासला, तेव्हा सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी आल्याच नव्हत्या असे आढळले. ही चूक आणि निवडीच्या व भारांकनाच्या इतर बाबी दुरुस्त केल्यावर अशा देशांची सरासरी वाढ उणे ०.१ ऐवजी २.२ टक्के निघाली. त्याच सुमारास जेपी मॉर्गन बँकेला लंडनमधील व्यवहारांत सहा अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला, आणि बँकेच्याच चौकशी अहवालात नोंदले गेले, की जोखीम मोजणाऱ्या तक्त्यात दोन दरांच्या सरासरीने भागण्याऐवजी बेरजेने भागले गेले होते, त्यामुळे जोखीम होती त्यापेक्षा कमी दिसत राहिली. दुसऱ्याच्या तक्त्यातील प्रत्येक सूत्र पुन्हा तपासण्याचा जो कंटाळवाणा नियम या कार्यालयांत असतो, त्यामागे अशी उदाहरणे आहेत.

कामाच्या दिवसाला ठरावीक लय असते आणि वर्षाला हंगाम असतात. एप्रिल-मे, जुलै-ऑगस्ट, ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारी हे निकालांचे महिने. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत एकाच संध्याकाळी शेकडो कंपन्यांचे निकाल येतात, त्यांतील काही स्कॅन केलेल्या तिरप्या पानांवर, आणि ग्राहकाला मात्र ते काही मिनिटांत हवे असतात. अमेरिकी कंपन्यांचे काम करणाऱ्यांना घड्याळच उलटे लावून घ्यावे लागते, कारण न्यूयॉर्कचा बाजार तेथील दुपारी चारला बंद होतो तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात रात्रीचा दीड आणि हिवाळ्यात अडीच वाजलेले असतात, आणि बरेच मोठे निकाल त्यानंतर येतात. रात्रपाळीचा निद्रेवर, पचनावर आणि कुटुंबाच्या वेळेवर होणारा ताण खरा आहे, आणि नोकरीच्या जाहिरातींत त्याचा उल्लेख फार थोडक्यात असतो. याशिवाय गोपनीयतेचे बंधन असते. पतमानांकन संस्थेत किंवा बँकेत काम करणाऱ्याला कंपनीची अप्रकाशित माहिती दिसते, आणि तिच्या आधारे स्वतः किंवा नातेवाइकांमार्फत शेअरांचा व्यवहार करणे सेबीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे गुन्हा ठरतो. म्हणून अशा संस्थांतील अनेकांना साध्या शेअर खरेदीसाठीही कार्यालयाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

इतके करूनही विश्लेषकाच्या सामर्थ्याला मर्यादा आहे, हे मान्य केले पाहिजे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी कबुली दिली, की ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. बँकेत जाऊन शिल्लक पडताळणे हे लेखापरीक्षकाचे काम; विश्लेषकासमोर केवळ जाहीर झालेला कागद असतो. पण इतकी रोख असलेली कंपनी ती वापरत का नाही, नफा आणि प्रत्यक्ष हाती आलेला पैसा यांचा मेळ बसतो का, असे प्रश्न तो विचारू शकतो, आणि ते विचारण्याचे धैर्य संस्थेने त्याला दिले पाहिजे. विसंगती दिसली असता ती आकडा ‘जुळवून’ दडपणारा कर्मचारी संस्थेला सोयीचा वाटतो, परंतु दीर्घकाळात तोच सर्वांत महागात पडतो.

यंत्रांकडून हे काम संपवले जाईल का, हा प्रश्न सध्या प्रत्येक वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याच्या मनात आहे. आकडे यंत्रांकडे सोपवण्याचा आरंभ जुना आहे. चार्ल्स हॉफमन या अमेरिकी लेखापालाने १९९८ मध्ये सुचवलेल्या कल्पनेतून ‘एक्सबीआरएल’ ही पद्धत निर्माण झाली, जिच्यात प्रत्येक आकड्याला यंत्राने वाचता येईल अशी ओळखचिठ्ठी जोडलेली असते. भारतातील ठरावीक मोठ्या कंपन्यांना २०१०-११ या वर्षापासून आपले हिशेब या स्वरूपात सरकारकडे द्यावे लागतात. आता कृत्रिम बुद्धिमत्ता पानेच्या पाने वाचून तक्ते भरते, त्यामुळे हाताने आकडे टिपण्याचे काम झपाट्याने कमी होत आहे आणि होत राहील. परंतु चिठ्ठी चुकीची लागते, यंत्र एकलऐवजी एकत्रित आकडा उचलते, भाडेपट्ट्याची टीप त्याच्या नजरेतून सुटते, आणि हे सर्व ते मोठ्या आत्मविश्वासाने करते. तेव्हा तपासणाऱ्याची गरज उरणार आहे. खरी चिंता अशी, की आजचे ज्येष्ठ तपासनीस ज्या कंटाळवाण्या नोंदींतून शिकले त्या नोंदीच नव्या पिढीच्या वाट्याला येणार नाहीत, आणि न शिकलेल्या तपासनीसाचा उपयोग कोणालाच होणार नाही.

म्हणून या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी, मग ते पुण्या-मुंबईचे असोत की तालुक्याच्या महाविद्यालयातील, महागड्या अभ्यासक्रमांना पैसे भरण्यापूर्वी एक काम जरूर करावे. आपल्या परिचयाची, आपल्या जिल्ह्यात कारखाना असलेली आणि शेअर बाजारात नोंद असलेली एखादी कंपनी निवडावी, तिचे दहा वर्षांचे वार्षिक अहवाल घ्यावेत, विक्री, नफा, कर्ज आणि हाती आलेली रोख हे चार आकडे स्वतःच्या हाताने एका तक्त्यात लिहावेत, आणि जेथे मागील वर्षाचा आकडा पुढील अहवालात बदललेला दिसेल तेथे तो का बदलला हे टिपांमध्ये शोधून काढावे. वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकांनी हाच प्रकल्प वर्गाला द्यावा. अशा कंपन्यांचे अलीकडच्या वर्षांचे अहवाल शेअर बाजारांच्या आणि कंपन्यांच्या संकेतस्थळांवर कोणालाही विनामूल्य मिळतात.